डॉ. कमलाबाई सोहोनी

तुरीच्या डाळीचे वरण ज्या घरी शिजत नाही, असे घर आमच्या वऱ्हाडात विरळाच. चुलीत लाकूड जळते म्हणून डाळ शिजते, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ते वरण पोटात गेल्यावर त्यापासून चालण्याबोलण्याची शक्ती कोणत्या चुलीवर तयार होते, हा प्रश्न फार थोड्यांस सुचतो. ह्या प्रश्नाच्या मुळाशी जाणाऱ्या एका महाराष्ट्रीय विदुषीची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहो.

कमलाबाई ह्या माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या येऊन कमलाबाईंनी त्याच बंगलोरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. रामन ह्यांची थोरवी जगन्मान्य आहे. तथापि हा निर्णय अन्यायाचा होता, असे आम्हांस स्पष्ट म्हटले पाहिजे. कमलाबाई रडत घरी परतल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि अखेर प्रवेश मिळविला. मात्र एक वर्ष केवळ परीक्षेदाखल घेण्याची, गुरू सांगतील तर रात्रीबेरात्री काम करण्याची आणि पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित न होऊ देण्याची अट त्यांस घातली गेली. ही शेवटची अट त्यांच्या मनास फार लागली. श्रीनिवासय्या ह्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, व पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींसही उघडली.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे त्यांनी जे केले ते समजण्यास पेशीच्या आत थोडे डोकावावे लागेल. मनुष्याच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. पेशी म्हणजे साधी पिशवी नव्हे. तिच्या केंद्रकात आनुवंशिक गुणांची नोंद असते, तिच्यात प्रथिने घडविण्याची व्यवस्था असते, आणि रक्तातील तांबड्या पेशी सोडल्यास बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. ह्या भट्टीत ज्वाला नसते. गावात आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसे ओळीने उभी राहतात व घागरी हातोहात पोचवितात. तद्वत अन्नातून निघालेले विद्युत्कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे दिले जातात. सायटोक्रोम सी हा त्या ओळीतील एक गडी होय. त्याच्या पोटी लोखंडाचा एक अणू असतो. तो विद्युत्कण घेतो आणि पुढच्याच्या हाती देतो. शेवटी प्राणवायू तो स्वीकारतो व पाणी बनते. वाटेत सुटलेली शक्ती एटीपी नामक द्रव्याच्या रूपाने साठविली जाते. सायनाइड हे विष ओळीतल्या अखेरच्या गड्याचेच हात बांधते. मग छातीत हवा भरलेली असूनही पेशी गुदमरते.

केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन ह्यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव रूढ केले होते. वनस्पतींतही त्याच्या खुणा दिसल्या होत्या, पण त्यांच्या श्वसनात त्याचे कार्य काय, ह्याचा पुरता उलगडा व्हावयाचा होता. कमलाबाईंनी बटाटा घेतला! रॉबिन हिल ह्यांच्यासमवेत काम करून त्यांनी दाखविले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असून प्राणवायूच्या उपयोगात त्याचा वाटा आहे. बाजारातला बटाटा आणि तो विकत घेणारा मनुष्य, दोघांच्याही पेशी एकाच युक्तीने श्वास घेतात. १९३९ साली अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांस डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात हा मान मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा येथे काम करून, १९४७ साली श्री. सोहोनी ह्यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या. गोरगरिबांच्या अन्नाकडे त्यांचे लक्ष होते. नीरेतील पोषक द्रव्यांचे त्यांनी संशोधन केले. तसेच कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, त्यांचाही त्यांनी शोध घेतला. शिजविल्याने ह्या द्रव्यांचा जोर बराच ओसरतो. आमच्या माता डाळ चांगली मऊ होईपर्यंत चुलीवरून उतरवीत नाहीत, त्यात हाही लाभ आहे.

१९९६ साली अमेरिकेतील संशोधकांस आढळले की, हेच सायटोक्रोम सी तंतुकणिकेबाहेर पडले म्हणजे जीर्ण वा बिघडलेल्या पेशीस मरणाची आज्ञा मिळते. ज्याच्यामुळे पेशी जगते त्याच्याच हाती तिच्या अंताची किल्लीही असावी, हे आम्हांस मोठे नवल वाटते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९८ साली, दिल्ली येथे त्यांचा सत्कार व्हावयाच्या प्रसंगी कमलाबाई कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.