युजेन हूद्री

युजेन ज्यूल हूद्री (१८ एप्रिल, इ.स. १८९२:दोमों, फ्रान्स - १८ जुलै, इ.स. १९६२:अपर डार्बी, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन अभियंते व संशोधक होते. जड खनिज तेलापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने उच्च प्रतीचे पेट्रोल मिळवण्याची पहिली यशस्वी औद्योगिक पद्धत त्यांनी विकसित केली. मोटारीच्या निष्कास नळीत बसवायच्या उत्प्रेरक परिवर्तकाचे (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आद्य संशोधक म्हणूनही ते ओळखले जातात. वेगवान मोटारींना हवे तसे इंधन देण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आणि त्याच मोटारींचा धूर निरुपद्रवी कसा करता येईल याच्या शोधात अखेरची वर्षे गेली.

सुरुवातीचे जीवन

हूद्री यांचा जन्म पॅरिसजवळील दोमों येथे झाला. वडिलांचा बांधकामाच्या पोलादाचा व्यवसाय होता. पॅरिसच्या एकोल दे आर ए मेत्ये या संस्थेतून ते १९११ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर्गात पहिले आले. संस्थेच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. शिक्षण संपल्यावर ते घरच्या व्यवसायात शिरले, पण लवकरच पहिले महायुद्ध सुरू झाले.

युद्धात ते फ्रेंच लष्कराच्या रणगाडा दलात अधिकारी होते. एप्रिल १९१७ मध्ये ज्यूवँकूर येथे फ्रेंच रणगाडे प्रथमच मोठ्या संख्येने लढाईत उतरले. तेथे तोफांच्या माऱ्यात बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती करवून घेताना हूद्री गंभीर जखमी झाले. या कामगिरीसाठी त्यांना क्र्वा द गेर हे शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांना मोटार शर्यतींचे वेड लागले. ते बुगाटी मोटार चालवत. १९२२ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी इंडियानापोलिसची शर्यत पाहिली आणि डेट्रॉईट येथील फोर्डच्या कारखान्यालाही भेट दिली. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी संपीडन गुणोत्तर वाढवावे लागते; परंतु साधे पेट्रोल अशा इंजिनात वेळेआधीच पेटून ठोके देते. त्यामुळे मोटार किती धावेल हे यंत्राइतकेच इंधनावरही ठरते, अशी त्यांची धारणा झाली आणि पोलादाचा धंदा मागे पडला.

लिग्नाइटकडून तेलाकडे

फ्रान्समध्ये खनिज तेल जवळजवळ नव्हते, लिग्नाइट मात्र होता. नीस येथील प्र्युदोम नावाच्या रसायनज्ञाने लिग्नाइटपासून पेट्रोल बनवण्याची रीत शोधल्याचे कळताच हूद्री यांनी त्याच्यासह पॅरिसजवळ बोशाँ येथे प्रयोगशाळा उभारली. तेथे त्यांनी शेकडो उत्प्रेरकांची चाचणी घेतली. १९२९ मध्ये दिवसाला ६० टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तो चालला, पण परवडला नाही. सरकारने मदत थांबवली आणि कारखाना बंद पडला.

या अपयशातून एक मोलाची गोष्ट हाती राहिली. सिलिका व ॲल्युमिना यांनी युक्त असलेली, मुलतानी मातीच्या जातीची चिकणमाती जड तेलाच्या मोठ्या रेणूंचे विभाजन करते आणि त्यापासून मिळणारे पेट्रोल ठोके देत नाही, हे १९२७ मध्येच दिसून आले होते. अडचण अशी की काही मिनिटांतच मातीवर कार्बनचा थर बसून ती निकामी होई. यामुळे इतरांनी हा मार्ग सोडून दिला होता. हूद्री यांनी ती माती टाकून न देता तिच्यावरून गरम हवा सोडली. कार्बन जळून गेला आणि उत्प्रेरक पुन्हा पहिल्यासारखा काम करू लागला. त्यांचे पुढचे सर्व काम या एका निरीक्षणावर उभे राहिले.

अमेरिकेतील कार्य

युरोपात भांडवल मिळेना, तेव्हा व्हॅक्यूम ऑइल या अमेरिकन कंपनीच्या निमंत्रणावरून ते १९३० मध्ये न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे गेले. मंदीमुळे एकट्या कंपनीला खर्च झेपेनासा झाला आणि १९३३ मध्ये सन ऑइल ही कंपनी सहभागी झाली. सन ऑइलच्या सहभागाला विशेष कारण होते. त्या काळी ठोके थांबवण्यासाठी बहुतेक कंपन्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळत. सन ऑइलला मात्र शिसे न घालता तितकेच चांगले पेट्रोल विकायचे होते.

१९३६ मध्ये पॉल्सबरो येथे आणि १९३७ मध्ये सन ऑइलच्या मार्कस हुक येथील शुद्धीकरण कारखान्यात हूद्री पद्धतीचे संच सुरू झाले. नुसत्या उष्णतेने केलेल्या भंजनाच्या मानाने यातून कितीतरी अधिक आणि चांगले पेट्रोल मिळे. या संचात अनेक पात्रे असत. एका पात्रात तेलाच्या वाफेचे भंजन चालू असताना दुसऱ्यातील उत्प्रेरकावरचा कार्बन जाळला जाई आणि सुमारे दहा मिनिटांनी पात्रांची अदलाबदल होई. जळण्यातून निघालेली उष्णता वितळलेल्या क्षाराच्या प्रवाहाने वाहून नेली जाई. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टरबाइन फिरून हवा दाबण्याचे काम होई. निष्कास वायू वाया न घालवण्याची ही काटकसर मोटारींच्या शौकिनाला साजेशीच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात या संचांतून १०० ऑक्टेनच्या विमान इंधनासाठी लागणारे पेट्रोल दोस्त राष्ट्रांना मोठ्या प्रमाणावर मिळाले. १९४२ पासून आलेल्या प्रवाही उत्प्रेरकाच्या पद्धतीने पुढे हूद्री यांच्या स्थिर थराच्या पद्धतीची जागा घेतली. ब्यूटेनपासून कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवण्याची एक पद्धतही त्यांनी विकसित केली. याच काळात ते द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्स चळवळीचे अमेरिकेतील एक प्रमुख पाठीराखे होते. त्यामुळे विशी सरकारने १९४१ मध्ये त्यांचे नागरिकत्व रद्द केले. १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

निष्कास वायूंचे शुद्धीकरण

१९५० च्या सुमारास लॉस एंजेलसचे धुरके हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला होता. मोटारींतून निघणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हाखेन-स्मित यांनी दाखवून दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वाढत्या प्रमाणामागे दूषित हवा असावी, अशी शंका हूद्री यांना होती. त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी स्थापन केली आणि कारखान्यांच्या धुरांड्यांसाठी व मोटारींसाठी परिवर्तक तयार करण्यास सुरुवात केली.

तत्त्व जुनेच होते. इंजिनात अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड उघड्या ज्वालेने जाळायचे तर फार उच्च तापमान लागते; योग्य उत्प्रेरकावर तीच क्रिया बऱ्याच कमी तापमानाला घडते आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ उरते. हूद्री यांच्या रचनेत चिनी मातीच्या दांड्यांवर ॲल्युमिनाचा पातळ थर व त्यात प्लॅटिनम असे. निष्कास वायूंचा मार्ग फारसा न अडवता त्यांना जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा, हा त्यामागील हेतू होता. या रचनेचे अमेरिकन पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले.

गोदामे व खाणी यांसारख्या बंदिस्त जागी चालणाऱ्या वाहनांवर हे परिवर्तक उपयोगी पडले, कारण तेथे शिसेविरहित इंधन वापरता येई. रस्त्यावरच्या मोटारींत मात्र पेट्रोलमधील शिसे प्लॅटिनमवर साचून उत्प्रेरकाला थोड्याच काळात मारून टाकी. कार्बनचा थर जाळता येत होता, शिशाचा येत नव्हता. ज्या मिश्रणाची गरज कमी करणारे पेट्रोल हूद्री यांनी वीस वर्षांपूर्वी बनवून दाखवले होते, त्याच मिश्रणाने त्यांचे दुसरे मोठे संशोधन अडवून धरले. त्यांच्या हयातीत ही कोंडी फुटली नाही.

सन्मान व मृत्यू

१९५९ मध्ये हूद्री यांना पर्किन पदक देण्यात आले. १८ जुलै १९६२ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक कीर्तिमंदिरात त्यांचा मरणोत्तर समावेश १९९० मध्ये झाला.

नंतरचा प्रभाव

१९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्याने नव्या मोटारींच्या उत्सर्जनात मोठी कपात बंधनकारक केली. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करणे भाग पडले आणि १९७५ च्या बहुतेक अमेरिकन मोटारींत परिवर्तक बसवले गेले. दांड्यांची जागा आता मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या चिनी मातीच्या ठोकळ्याने घेतली होती. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झाले.

उत्प्रेरकाचे महत्त्व त्याच्याविना काढलेल्या मोटारींवरून विशेष लक्षात येते. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही पोर्शे ९११ मोटारींत परिवर्तकाऐवजी उष्णतेनेच धूर जाळणारे कक्ष निष्कास नळीवर बसवलेले होते. त्यांच्या तापाने हवेने थंड होणाऱ्या त्या इंजिनांवर ताण येऊन मॅग्नेशियमच्या कवचातून बोल्ट उपटून येत. १९८० साली याच मोटारीला ऑक्सिजन संवेदक व तिहेरी उत्प्रेरक परिवर्तक मिळाला. हे कक्ष काढून जुन्या धाटणीची निष्कास व्यवस्था बसवण्याकडे मालकांचा कल असतो. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या मोटारींना धूर तपासणीतून सूट असल्याने तसे करणे सोपे जाते. १९७६ पासूनच्या मोटारींत मात्र मूळ उत्सर्जन साधने जागेवर आहेत की नाहीत, हेही पाहिले जाते आणि बदललेल्या भागाला राज्याच्या हवा मंडळाची मान्यता लागते. मूळचा परिवर्तक काढून टाकणे अमेरिकेत सर्वत्र बेकायदेशीर आहे. म्हणून जुन्या क्रीडामोटारींसाठी पातळ धातूच्या पत्र्याचा, मोठ्या छिद्रांचा आणि वायूंना कमी अडथळा करणारा परिवर्तक निवडतात. तो सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला काम करू लागतो, त्यामुळे इंजिनापासून फार दूर बसवला तर उशिरा तापतो. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात असेल, तर न जळालेले इंधन परिवर्तकातच पेटून तो वितळण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी कार्ब्युरेटर दुरुस्त करावा लागतो.