चांदबिबीच्या आईला चित्रातून का पुसलं?

चांदबिबी सगळ्यांना माहितीय, तिची आई खुंजा हुमायून मात्र मागे पडली. ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची बेगम. तालिकोटची लढाई जिंकून शहा १५६५ सालीच वारला. मुलगा मुर्तझा लहान, त्यामुळे कारभार हिनेच हातात घेतला.

याच काळात आफताबी या कवीने फारसीत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ लिहिली. त्यातली चित्रं इराणी वळणाची, पण बायकांच्या अंगावर दख्खनी साड्या. विशेष म्हणजे बेगम थेट शहाशेजारी बसलेली! असं तेव्हा सहसा कुणी दाखवत नसे.

१५६९ मध्ये मुर्तझानेच आईला कैदेत टाकलं. त्यानंतरच चित्रांतूनही तिला पुसलं, असं अभ्यासक मानतात. पोथी आज पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. शहाशेजारी बेगमेच्या जागी नुसता डाग दिसतो.