विश्लेषण : व्यापारी घराण्यातले ब्रिजलाल बियाणी ‘विदर्भ केसरी’ कसे झाले?

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि धामणगावच्या मधे चांदूर रेल्वे आहे. चांदूर बाजारपासून वेगळे ओळखता यावे म्हणून गावाच्या नावालाच रेल्वे जोडली गेली. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडातील कापूस थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. या व्यापारासाठी राजस्थानातून आलेली अनेक मारवाडी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. अशाच एका माहेश्वरी घराण्यात ६ डिसेंबर १८९६ रोजी ब्रिजलाल बियाणी यांचा जन्म झाला.

पेढीवरून राजकारणात

अकोला ही त्यांची कर्मभूमी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे नेतृत्व केले, हिंदीत लेखनही केले. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात तत्कालीन मध्य प्रदेशाचे अर्थखाते त्यांच्याकडे आले.

वेगळा विदर्भ कशासाठी?

ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात बियाणी सहभागी होते. मराठी भाषकांचा एक प्रांत, पण पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत, प्रत्येकाचे स्वतंत्र विधिमंडळ, अशी ती तडजोड होती. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर बियाणींनी स्वतंत्र राज्याचा आग्रह धरला. कापसाचा पैसा वऱ्हाडातच राहावा आणि नागपूरचे राजधानीपद जाऊ नये, हे या मागणीमागचे प्रमुख मुद्दे होते.

ही मागणी हिंदी भाषक व्यापाऱ्यांची आहे, अशी टीका संयुक्त महाराष्ट्रवाद्यांकडून होत असे. मात्र लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखे मराठी नेतेही याच बाजूने उभे होते.

आयोग अनुकूल, तरीही…

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. बियाणींची बाजू येथे जिंकली होती. पण केंद्राने शिफारस स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

१९६८ मध्ये बियाणी यांचे निधन झाले. अमरावतीचे विज्ञान महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांना हवे असलेले राज्य मात्र झाले नाही. आठाचे अकरा जिल्हे झाले, तरी त्या राज्याची मागणी आजही अधूनमधून डोके वर काढते.