सत्यनिष्ठ सॉक्रेटिस

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात अथेन्स नावाचे एक वैभवशाली नगरराज्य होते. तेथे शिल्प, नाट्य व तत्त्वज्ञान यांचा उत्कर्ष झाला होता आणि राज्याचा कारभार नागरिकांच्या सभेत बहुमताने चालत असे. या नगरात इ. स. पूर्वी ४७० च्या सुमारास सॉक्रेटिसाचा जन्म झाला. त्याचे वडील पाथरवट होते व आई सुईणीचे काम करीत असे.

सॉक्रेटिस दिसायला कुरूप होता. चपटे नाक, बटबटीत डोळे, अंगावर जुनेपुराणे वस्त्र आणि पाय अनवाणी, असा त्याचा वेष असे. परंतु त्याचे मन विलक्षण खंबीर होते. पोटिडियाच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीत तो अनवाणी पायांनी बर्फावरून चालला आणि जखमी सोबत्याचे प्राण त्याने वाचविले.

बाजारपेठेत भेटेल त्याच्याशी तो संवाद करी. शौर्य म्हणजे काय, न्याय कशास म्हणावे, असे साधे प्रश्न तो विचारी. उत्तर मिळताच त्यातून दुसरा प्रश्न काढी. अखेर, आपणांस वाटत होते तेवढे ज्ञान आपणांस नाही, हे समोरच्या माणसाला उमजे. आई बालकाला जगात आणण्यास साहाय्य करी. आपण विचारांना जन्म घेण्यास साहाय्य करतो, असे तो म्हणे. त्याने शिकविण्याचे मोल घेतले नाही व एकही ग्रंथ लिहिला नाही.

इ. स. पूर्वी ४०६ मध्ये एका आरमारी विजयानंतर वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचविता आले नाही. संतप्त सभेने सर्व सेनापतींचा एकत्रच निवाडा करण्याचे ठरविले. हे कायद्याविरुद्ध होते. लोक धमक्या देत असतानाही अध्यक्षमंडळातील सॉक्रेटिस आपल्या नकारावर अढळ राहिला. पुढे तीस जुलमी सत्ताधीशांनी एका निरपराध माणसास पकडून आणण्याची आज्ञा केली, तेव्हा तो निमूटपणे आपल्या घरी निघून गेला.

अशा माणसाला शत्रू निर्माण झाले. इ. स. पूर्वी ३९९ मध्ये, नगराच्या देवांना न मानणे व तरुणांना बिघडविणे, असे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले. सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायसभेपुढे त्याने दयेची याचना केली नाही. बहुमताने त्याला देहान्ताची शिक्षा झाली. क्रिटो या वृद्ध मित्राने तुरुंगातून पळून जाण्याची सर्व सिद्धता केली. परंतु ज्या कायद्यांच्या छायेत आपण सत्तर वर्षे वाढलो, ते संकटकाळी मोडणे त्याला अन्यायाचे वाटले. शोकाकुल शिष्यांचे सांत्वन करीत त्याने शांतपणे विषाचा पेला रिता केला.

त्याचा शिष्य प्लेटो याने गुरूचे संवाद लिहून काढले व अथेन्समध्ये विद्यापीठ स्थापिले. त्या विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकला. त्यांच्या ग्रंथांनी पुढे अरब व युरोपीय पंडितांच्या विचारांस वळण दिले. अथेन्सची पुष्कळशी मंदिरे आज भग्न झाली आहेत; परंतु प्रश्न विचारून सत्य शोधण्याची सॉक्रेटिसाची रीत ज्ञानाच्या प्रत्येक क्षेत्रात आजही जिवंत आहे.