होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. संस्था व अणुभट्ट्या उभारणारे प्रशासक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि भौतिकशास्त्राच्या परिभाषेत ते टिकले आहे, ते इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनावर त्यांनी वयाच्या तिशीपूर्वी केलेल्या संशोधनामुळे.

शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी वडिलांची इच्छा होती. भाभांनी १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली आणि मगच भौतिकशास्त्राची वाट धरली. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

संशोधन

इलेक्ट्रॉनाइतक्याच वस्तुमानाचा, पण धन विद्युतभाराचा पॉझिट्रॉन १९३२ मध्ये आढळला होता. तो स्वतंत्र कण मानावा, की डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनाच्या ऋण ऊर्जेच्या अवस्थांतील रिकामी जागा मानावा, हा प्रश्न महत्त्वाचा होता. पहिल्या पक्षी हे दोन कण एकमेकांना केवळ विचलित करतील. दुसऱ्या पक्षी ते परस्परांना नष्ट करून पुन्हा नवी जोडी निर्माण करण्याची शक्यताही हिशेबात धरावी लागेल. या जादा शक्यतेमुळे प्रकीर्णनाचे प्रमाण किती बदलते, याचे गणित भाभांनी मांडले. ते १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही प्रक्रिया ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणून ओळखली जाते. तिचे प्रमाण सिद्धांतावरून फार अचूक काढता येत असल्याने, इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविणाऱ्या यंत्रांत शलाकांची टक्करक्षमता मोजण्यासाठी तीच मोजपट्टी वापरतात.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावांचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो. त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते आणि तिच्यापासून पुन्हा किरण निघतात. ऊर्जा अशी वाटली जाऊन पुरेशी घटली, की उरलेले कण वाटेतील अणूंचे आयनीभवन करत थांबतात.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांचे संशोधन चालविले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी मुंबईस आली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. हा व्याप वाढला तसे स्वतःचे संशोधन मागे पडले. विज्ञानाच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हती.

टाटा संस्था मात्र त्यांनी एकाच विषयापुरती ठेवली नाही. १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांच्याकडे सोपवून तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. तुर्भेच्या केंद्रास १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. टाटा संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे मंद इलेक्ट्रॉनांच्या आघाताने रेणू कसे फुटतात, याची मोजमापे केली. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा नेमकी निवडल्यास सेंद्रिय रेणूतील ठराविक बंधच तोडता येतो, असे त्यांनी २००५ मध्ये दाखविले. प्रारणामुळे सजीव पेशींतील रेणूंची हानी कशी होते, हे समजण्यासाठी अशी मोजमापे उपयोगी पडतात.