स्टोक्स : लंबकापासून पूरमैदानापर्यंत

मित्रांनो, सॉईल लॅबमधला हायड्रोमीटर आपण बहुतेक जण जर्नल पूर्ण करण्यापुरताच हातात धरतो. वायव्हाला स्टोक्सचा नियम विचारला की सूत्र घडाघडा येतं; पण हे स्टोक्स कोण, हे कुणीच विचारत नाही. मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधल्या स्क्रीन या गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. १८४१ साली ते केंब्रिजमध्ये गणितात पहिले आले. १८४९ मध्ये, पूर्वी न्यूटन यांच्याकडे असलेलं लुकासियन प्राध्यापकपद त्यांना मिळालं. मान मोठा, पण पगार तुटपुंजा! म्हणून लंडनच्या स्कूल ऑफ माइन्समध्येही ते शिकवत. १८५७ मध्ये लग्न केलं, तर कॉलेजच्या नियमानुसार फेलोशिप सोडावी लागली.

त्यांचा प्रसिद्ध निबंध १८५१ चा. विषय माती नव्हे, तर लंबक! हवेच्या घर्षणाचा लंबकावर काय परिणाम होतो, हे शोधताना त्यांनी द्रवातून हळू जाणाऱ्या लहान गोलाला होणारा विरोध काढला. त्यावरून कळलं की कण पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ढगातले बारीक थेंब इतके सावकाश का पडतात, हेही त्यांनी त्यावरून सांगितलं.

आता गणित करून बघा. २० अंश सेल्सिअसच्या स्थिर पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण १० सेंटिमीटर खाली यायला पाच मिनिटंही घेत नाही. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र सुमारे आठ तास लागतात!

हेच नदीकाठी मोठ्या प्रमाणावर घडतं. वाहत्या पाण्यात खळबळ असते, त्यामुळे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. पण क्रम तोच राहतो. मिसिसिपीचा पूर काठाबाहेर आला की वेग कमी होतो. वाळू आणि जाड पोयटा काठालगत पडून उंचवटा तयार होतो, तर चिकणमाती लांबच्या दलदलीत जाऊन बसते. शिवाय नदीने सोडून दिलेली जुनी वळणं चिकणमातीने भरतात. हॅरोल्ड फिस्क यांनी १९४४ च्या अहवालात हे सगळं नकाशांवर मांडलं. नकाशा कशाला? तर पूररोधक बांधाखाली वाळू असली की पुरात पाणी खालून झिरपतं आणि बांध धोक्यात येतो. चार पावलांवर माती बदलत असेल, तर दोन बोअरच्या मध्ये काय आहे हे ओळखता आलं पाहिजे. आणि बोअरमधून आलेल्या बारीक मातीचे कण मोजायला पुन्हा स्टोक्सच!

१८५४ ते १८८५ अशी ३१ वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे निबंध वाचण्यात आणि सुधारण्यात त्यांचा वेळ गेला, स्वतःचं संशोधन मागे पडलं. मला तर हाच त्यांचा मोठेपणा वाटतो. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हाही ते प्राध्यापकच होते.

तेव्हा दोस्तांनो, जारमधलं गढूळ पाणी निवळायला वेळ लागला तर कंटाळू नका. एखादा बांध टिकेल की नाही, ते त्या गढूळ पाण्यातच लिहिलेलं असतं.