बादशहालाही नकार देणारी मंगळवेढ्याची कान्होपात्रा

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात गेलात की आवारातलं तरटीचं झाड आवर्जून दाखवलं जातं. हे झाड एका मुलीच्या नकाराची आठवण आहे. तिचं नाव संत कान्होपात्रा.

गोष्ट साधारण १५व्या शतकातली. पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या मंगळवेढ्यात शामा नावाची श्रीमंत गणिका राहायची. कान्होपात्रा तिची मुलगी. त्या काळच्या रीतीनं तिचं आयुष्य आधीच ठरलेलं होतं. नाचगाणं शिकायचं आणि आईचा व्यवसाय पुढं चालवायचा.

नाचगाणं ती शिकली, पण व्यवसायाला तयार झाली नाही. आपल्याहून देखणा पुरुष भेटला तरच त्याला वरेन, अशी अट तिनं घातल्याचं सांगतात. पुढं वारकऱ्यांसोबत ती पंढरपूरला गेली, विठ्ठलाला पाहिलं आणि तिथंच राहिली.

पण तिच्या रूपाची चर्चा बिदरच्या बादशहापर्यंत पोचली. तिला आणायला शिपाई आले. सुटकेचा रस्ता उरला नव्हता. शेवटचं दर्शन घ्यायला ती गाभाऱ्यात गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. तिला मंदिराच्या आवारातच पुरलं आणि तिथं ते झाड उगवलं, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

१९३१ साली बालगंधर्वांनी रंगभूमीवर कान्होपात्रा साकारली आणि ती घराघरात पोचली.

आज मात्र ही गोष्ट अनेकदा फक्त परक्या बादशहाच्या जुलमाची म्हणून सांगितली जाते. स्त्रीची अब्रू म्हणजे समाजाची इज्जत, असं मानणाऱ्या राजकारणाला तेवढीच बाजू सोयीची पडते. पण कान्होपात्रेचं आयुष्य बादशहाच्या आधी तिच्याच गावातल्या रीतीनं ठरवून टाकलं होतं. काही कथांमध्ये तर गावातलाच एक बडा माणूसही तिला छळतो. म्हणजे बादशहा यायच्या आधीही तिच्या शरीरावर हक्क सांगणारे होतेच.

तिचे मोजकेच अभंग आज उपलब्ध आहेत. त्यांत ती स्वतःचं कुळ लपवत नाही. भीतीही लपवत नाही.

म्हणूनच तिला निव्वळ पावित्र्याचं प्रतीक करून देव्हाऱ्यात बसवणं सोपं आहे. माझ्या शरीराचा निर्णय माझा, हे तिचं म्हणणं घरातल्या मुलीच्या तोंडून ऐकून घेणं जास्त अवघड आहे. पुढच्या वेळी ते झाड पाहाल, तेव्हा हात जोडताना एवढं नक्की आठवा.